दारात न आलेली दहाचाकी

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या भाऊबंदकीत कानबाई देवी बसते. घरातल्या दर पुरुषामागे गहू मोजून घेतात, ते दळून त्याचा नैवेद्याचा रोट करतात, आणि तो रोट भाऊबंदांनीच संपवायचा असतो. बाहेरच्याला द्यायचा नाही. त्यामुळे वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे लोकही तेव्हा एका पंगतीला बसतात. आम्ही धुळ्याला देवपुरात राहायला येऊन खूप वर्षं झाली, तरी कानबाईला गावी जातो. गाव शिंदखेडा तालुक्यात, नरडाण्याच्या अलीकडे.

त्या पंगतीत माझा मोठा भाऊ येऊन बसला, की कुणीतरी म्हणायचंच, "सरका रे, दहाचाकी उनी. जागा जास्त लागी." म्हणजे दहा चाकांची ट्रक आली. सगळे हसायचे. तोही हसायचा, मांडी घालायचा आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढायचा. त्याला सगळे नाना म्हणत, त्याचा मुलगा तेवढा आबा. मीही नानाच म्हणायचो.

नाना जाऊन आता दोन पावसाळे झाले. त्याच्या माघारीही ते नाव निघतं. निघालं, की घरात नवीन आलेल्या सुनेला कुणीतरी गोष्ट सांगतं. नानाने कानबाईच्या पंगतीत मोठी गाडी घेणार म्हणून सांगितलं, जळगावला बयाणा दिला, आणि ऐन वेळी त्याची छाती झाली नाही. सांगणारे खोटं बोलत नाहीत. त्यांना नानानेच तसं सांगितलं होतं. यात खोटं जे आहे ते माझं आहे. म्हणून ही गोष्ट जशी घडली तशी मी लिहून ठेवतो आहे. आमच्या घरात बोलणं सगळं अहिराणीत होतं. वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून मी बहुतेक मराठीत लिहिलं आहे.

ऐंशीनंतरच्या वर्षांत आम्ही दोघा भावांनी एक जुनी सहाचाकी ट्रक घेतली होती. मी चालवायचो. नाना आग्रा रोडवरच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांतून भाडी मिळवायचा, आणि जवळची फेरी असली की माझ्याबरोबर यायचा. कापसाच्या दिवसांत खेड्यातून जिनिंगला कापूस, पुढे दोंडाईच्याची मिरची, उन्हाळ्यात कांदा, आणि मधल्या काळात जळगावच्या डाळ मिलांची पोती. आमची गाडी गाडीवाटेने शेताच्या बांधापर्यंत जायची. शेतकऱ्याला माल डोक्यावर आणावा लागत नसे, म्हणून लोक आम्हालाच बोलवायचे. मिरचीच्या दिवसांत आम्ही दोघं शिंकत शिंकत घरी यायचो आणि नानाची बायको, माझी वहिनी, दारातच पाण्याची बादली ठेवायची. आंघोळ केल्याशिवाय घरात यायचं नाही.

क्लिनर आम्ही ठेवला नव्हता. गाडी मागे घ्यायची झाली की नाना उतरायचा, मागे जायचा आणि मागच्या फळीवर, फाळक्यावर, हाताने थाप मारायचा. हलक्या सलग थापा म्हणजे येऊ दे. एक जोरात म्हणजे थांब. तो ओरडायचा नाही. बाकीचे क्लिनर "आन दे, आन दे" म्हणून गल्ली डोक्यावर घेत, नाना नुसता हात वाजवायचा. देवपुरातली आमची गल्ली अरुंद होती. गाडी दारापर्यंत उलटीच न्यावी लागे, एका बाजूला शेजाऱ्यांचा ओटा आणि दुसऱ्या बाजूला विजेचा खांब. मी आरशात बघायचोही नाही. थापेचा आवाज ऐकायचा आणि गाडी मागे सोडायची. एका दमात गाडी दारात. ओट्यावर चहा पीत बसलेले म्हातारे म्हणायचे, "एवढ्या सरळ तर आमच्या सुना पण घरात येत नाहीत."

मला त्याचा फार अभिमान होता. लोक मला चांगला ड्रायव्हर म्हणत. मीही मला तसाच समजत होतो.

नव्वदच्या आसपास रस्त्यावर दहाचाक्या वाढल्या. मागे दोन अ‍ॅक्सल, लांब बॉडी, आमच्या गाडीच्या दीडपट-दुप्पट माल. जळगावला पाइपचे कारखाने वाढत होते. पाइप वजनाला हलके आणि लांबीला जास्त. आमच्या गाडीत भरले की मागे हातभर नव्हे, पुरुषभर बाहेर लोंबायचे आणि त्यांना लाल फडकं बांधून आम्ही जीव मुठीत धरून जायचो. डाळ मिलवालेही म्हणू लागले, की दोन लहान गाड्या भरण्यापेक्षा आम्हाला एक मोठी सोयीची. नाना ऑफिसात बसायचा, म्हणून हे त्याला माझ्या आधी कळलं.

"एक दिवस असा येणार," तो म्हणाला, "की आपल्याला फक्त बांधावरचा माल राहील. आणि बांधावरचा माल ट्रॅक्टरवाला नेणार."

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. पैशाची सोय कशी करायची ते नानाने ठरवलं होतं. त्यात मी शिरत नाही, कारण अडचण पैशाची नव्हती. त्याचं म्हणणं सरळ होतं. तोच रस्ता, तेच दिवस, तोच ड्रायव्हर, माल जवळजवळ दुप्पट. मी म्हणायचो, ती गाडी गावात शिरणार नाही. तो म्हणायचा, गावात शिरायचंच कशाला, जळगावहून भरायची आणि इंदूरला रिकामी करायची. मी म्हणायचो, टायर किती लागतील. तो म्हणायचा, "टायर लागतील म्हणून पायी चालतोस का?" मी म्हणायचो, ज्यांचा कापूस इतकी वर्षं उचलला ते काय म्हणतील. यावर तो थोडा थांबायचा. त्या लोकांची त्यालाही काळजी होती. पण मी जे बोलत होतो त्यात माझ्या मनातलं काही नव्हतं. मनातलं एवढंच होतं, की मी कधी एवढी लांब गाडी चालवली नव्हती. हे मोठ्या भावासमोर उघड बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. आणि पद्धत असती तरी मी बोललो नसतो.

वहिनींना गाडी हवी होती. आमच्या घरात सगळ्यात जास्त त्यांनाच हवी होती. त्यांचा मुलगा तेव्हा शाळेत होता आणि अभ्यासात यथातथाच होता. "हा काही साहेब व्हायचा नाही," त्या म्हणायच्या, "निदान मालक तरी होईल." त्यांनी काळी आणि लाल लोकर आणून नव्या गाडीच्या तोंडावर लावायला गोंडे करायला घेतले. दुपारी ओसरीत बसून करायच्या. मी गेलो की म्हणायच्या, "भाऊजी, जरा हात लांब करा, माप घेते. तुमच्या गाडीचं तोंड केवढं असेल?"

"माझी कसली, नानाची."

"चालवतो त्याची," त्या म्हणायच्या.

श्रावण आला. कानबाईला आम्ही सगळे गावी गेलो. पंगतीत कुणीतरी जुन्या गाडीबद्दल विचारलं आणि नानाने सांगून टाकलं. "दसऱ्याला दहाचाकी दारात येईल." पंगतीत एकदम कल्ला झाला. रोटाचा घास हातात असताना, देवीच्या समोर, सगळ्या भाऊबंदांत सांगितलेलं बोलणं आमच्याकडे मागे घेत नाहीत. ते नानाला माहीत होतं. त्याने मला आधी विचारलं नव्हतं. मी नाही म्हणेन असं त्याच्या मनातच आलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. एका चुलत्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मी खाली बघून जेवत राहिलो, आणि ते माझं हो आहे असं सगळ्यांनी धरलं.

जळगावच्या ज्या मालकाची गाडी घ्यायची होती, तो समजूतदार माणूस होता. म्हणाला, एक फेरी मारून बघा, माझा ड्रायव्हर बरोबर देतो. ड्रायव्हर मालेगावचा, वयस्कर, त्याला सगळे चाचा म्हणत. डाळीची पोती भरून आम्ही दोघं इंदूरला निघालो. नाना धुळ्याच्या नाक्यावर भेटला, गाडीच्या पुढच्या चाकाखाली नारळ फोडला आणि मला म्हणाला, "सावकाश." एवढंच. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी पुन्हा कधी बघितलं नाही.

जाताना काही त्रास झाला नाही. बिजासनचा घाट चढताना चाचानेच गाडी घेतली, सपाटीवर मला दिली. सपाटीवर मला वाटलं, यात काय एवढं. परतीला सोयाबीनच्या पेंडीची पोती मिळाली. घाटाच्या माथ्यावर देवीच्या देवळापाशी आम्ही थांबलो, चहा घेतला. चाचा म्हणाला, "उतार तुम लो. उतारमें गाडी समझमें आती है."

मी घेतली. पहिली दोन वळणं नीट गेली. मग माझा पाय ब्रेकवर राहायला लागला. चाचा म्हणाला, "पाँवसे मत उतारो, गिअरसे उतारो." मला ते माहीत होतं. ते मी आमच्या गाडीने हजारदा केलं होतं. तरी पाय निघेना. ब्रेकच्या हवेचा काटा खाली यायला लागला. पुढचं वळण डावीकडे होतं, दरी उजव्या हाताला, आणि त्याच वेळी खालून एस.टी. वर येत होती. मी वळण नेहमीसारखं घेतलं, म्हणजे आमच्या सहाचाकीचं घेतात तसं. मागची चाकं आत ओढली गेली आणि डोंगराच्या बाजूच्या दगडी गटारात डावीकडचं चाक उतरलं. गाडी कलली. पोत्यांची थप्पी करकरल्याचा आवाज आला. मी ब्रेक दाबून धरला. एस.टी. आमच्या तोंडासमोर दोन हातांवर थांबली.

अपघात झाला नाही. कुणाला खरचटलंही नाही. पण एस.टी. मागे घ्यायची म्हणून कंडक्टरने सगळ्यांना खाली उतरवलं, आणि ती माणसं दरीच्या कडेला दगडांवर उभी राहून आमच्याकडे बघत होती. त्यांत एक बाई होती, कडेवर मूल. ती माझ्याकडे बघत नव्हती. आमच्या मागच्या चाकांकडे बघत होती. ती काय बघते आहे ते मला दिसत नव्हतं. आरशात नुसती ताडपत्री दिसत होती. माझी गाडी मागे कुठे संपते हेच मला कळेना. कान थापेची वाट बघत होते आणि मागे कुणी नव्हतं.

चाचा म्हणाला, "चलो, निकालो." मी क्लच दाबला. तो पायाखालून सुटायचा आणि गाडी बंद पडायची. दोनदा असं झालं. एस.टी.चा ड्रायव्हर काहीतरी घाण बोलला. मग चाचाने दार उघडलं, माझ्या बाजूला येऊन उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "उधर सरको, बेटा." मी सरकलो. त्याने गाडी काढली. घाट उतरेपर्यंत आणि पुढे शिरपूर, नरडाणा, धुळे येईपर्यंत मी स्टिअरिंगला हात लावला नाही. धुळ्याच्या अलीकडे मी त्याला म्हणालो, "चाचा, भाईको मत बोलना." तो म्हणाला, "मैं क्यों बोलूँ? तुम बोलना."

मी बोललो नाही. घरी सांगितलं, गाडी छान आहे.

दोन दिवसांनी आमच्या जुन्या गाडीने मी गावातून चाळीतला कांदा आणला. रिकामी झाल्यावर गल्लीत उलटी घ्यायची होती. नाना मागे गेला, थापा मारू लागला. मी गाडी मागे सोडली आणि मधेच थांबलो. पुन्हा पुढे घेतली. पुन्हा मागे. त्या दिवशी मी आरशात बघत होतो, मान बाहेर काढून बघत होतो, आणि खांबाला गाडी घासली. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी चहात बघितलं. नाना पुढे आला. माझ्या खिडकीपाशी उभा राहिला. त्याने खांबाकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं.

"चल," तो म्हणाला, "नदीपर्यंत जाऊन येऊ."

पांझरेच्या पुलावर आम्ही उभे राहिलो. खाली पाणी थोडंच होतं, बायका धुणं धूत होत्या. त्याने विडी पेटवली.

"घाटात काय झालं?"

"काही नाही."

"चालवशील ना?"

आता मला वाटतं, तिथे मी नाही म्हटलं असतं तर सगळं संपलं असतं. मी म्हणालो, "तू म्हणशील तसं."

"मी म्हणतो म्हणून नको."

मी खाली बायकांकडे बघितलं. त्याने विडीची राख झटकली. मग म्हणाला, "असं करू. चाचाला वर्षभर आपल्याकडे ठेवू. मालक सोडेल त्याला. तू शेजारी बस, थोडी थोडी घेत जा. मिळकत कमी होईल पहिल्या वर्षी, होऊ दे. तू शिकशील."

त्याने वाट काढून दिली होती, आणि ती चांगली वाट होती. आज नानाचा मुलगा, माझा पुतण्या, नव्या मुलांना असंच शिकवतो, शेजारी बसवून, कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. मला मात्र ते ऐकून डोक्यात तिडीक गेली. गल्लीतले, ट्रकच्या अड्ड्यावरचे, भाऊबंदकीतले लोक माझ्या डोळ्यांसमोर आले. मी बाजूच्या सीटवर बसलो आहे आणि एक म्हातारा परका माणूस आमची गाडी चालवतो आहे.

"म्हणजे मी क्लिनर होऊ?" मी म्हणालो. "एवढी वर्षं गाडी ओढली आणि आता क्लिनर? त्यापेक्षा गाडीच नको."

नाना माझ्याकडे बघत राहिला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मी पुढे म्हणालो, "पण तू पंगतीत सांगून बसलास. आता नको म्हटलं तर लोक काय म्हणतील मला?"

मी 'मला' म्हणालो. ते मला पक्कं आठवतं.

"लोकांचं मी बघतो," तो म्हणाला, आणि विडी पाण्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी तो जळगावला जाऊन आला. बयाणा परत मिळाला नाही. संध्याकाळी आग्रा रोडच्या अड्ड्यावर चारचौघांत त्याने सांगितलं, "भाऊ तयार होता. मीच मागे सरलो. एवढ्या मोठ्या गाडीची मन्ही छाती नही व्हयनी." मी तिथे होतो. चहाचा ग्लास माझ्या हातात होता. कुणीतरी म्हणालं, "नाना, मग पंगतीत कशाला आवाज केला?" नाना म्हणाला, "रोट जास्त झाला होता भो." सगळे हसले. त्या हसण्यात मीही होतो. 'दहाचाकी' हे नाव त्याच दिवशी पडलं.

ही झाली अर्धी गोष्ट. इथवर मी नुसता गप्प होतो, आणि गप्प राहण्याबद्दल माणूस स्वतःची काहीतरी समजूत घालू शकतो.

त्याच आठवड्यात वहिनींनी मला ओसरीत गाठलं. त्यांच्या मांडीवर ते गोंडे होते. त्या माणसाला सरळ विचारायच्या, तशी त्यांची सवयच होती.

"भाऊजी, मला खरं सांगा. तुमची तयारी होती ना?"

मी म्हणालो, "होती."

एकच शब्द. त्यांनी मान हलवली. "वाटलंच मला," त्या म्हणाल्या. मग त्यांनी गोंड्याचं एक टोक शोधलं आणि लोकर उसवायला लागल्या. त्या हिवाळ्यात माझी मुलगी झाली. तिच्यासाठी त्यांनी त्याच लोकरीचं टोपडं केलं, काळं आणि लाल. माझ्या बायकोने त्या टोपड्याचं फार कौतुक केलं. मुलीच्या डोक्यावर ते मला बघवत नसे. का ते बायकोलाही मी सांगितलं नाही.

पुढचं नानाने सांगितलं होतं तसंच झालं. बांधावरचा माल ट्रॅक्टरवाल्यांनी नेला. जळगावचा माल मोठ्या गाड्यांनी नेला. आम्ही जुनी गाडी आणखी काही वर्षं ओढली आणि विकली. मला एका शाळेत शिपायाची नोकरी लागली. ती नानानेच ओळखीने लावून दिली. तो स्वतः दुसऱ्याच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसू लागला, बिल्ट्या म्हणजे मालाच्या पावत्या लिहायला. ज्या मालकाकडे तो बसायचा त्याच्या दहाचाक्या ऑफिससमोर रांगेने उभ्या असत. त्याचा मुलगा शिकला नाही, ड्रायव्हर झाला. आजही तो दुसऱ्याची गाडी चालवतो, चौदा चाकांची, नरडाण्याहून इंदूर, पुढे दिल्ली. पन्नाशीला आला आहे, दुखऱ्या कमरेला पट्टा बांधतो.

त्याने नानाला कधी उलट उत्तर दिलं नाही. पण एकदा दिल्लीहून आला होता, जेवायला बसला होता, मीही होतो. म्हणाला, "आबा, तुमची तेव्हा छाती झाली असती ना, तर आज कमरेला पट्टा बांधायला मी दुसरा ठेवला असता." विनोदाने म्हणाला. नानाने त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाला, "खाय." वहिनी म्हणाल्या, "त्यांना काय सांगतोस, ते पंगतीतले शूर." मी पाणी प्यायलो.

असं ते नाव घरात राहिलं. नाना माझ्याकडे बघून कधी काही सुचवेल असं मला सुरुवातीची वर्षं वाटायचं. त्याने कधी डोळा वर केला नाही. नंतर नंतर मला वाटायला लागलं, की तो विसरला असेल. खरं म्हणजे मला तसं वाटायला हवं होतं. शेवटच्या दुखण्यात मी रोज त्याच्याजवळ बसायचो. त्याला बोलता येत होतं, ऐकू येत होतं. खोलीत आम्ही दोघंच असायचो, आणि मी त्याला पेपर वाचून दाखवायचो. एकदा गल्लीत कुणाची तरी गाडी मागे येत होती. नानाने खाटेच्या लाकडी पट्टीवर बोटांनी हळूहळू थापा मारल्या. मग एक जोरात. बाहेर गाडी थांबली की नाही ते मला माहीत नाही. तो माझ्याकडे बघून हसला. मी पेपरची पुढची बातमी वाचली.

यंदा कानबाईला गावी गेलो. पुतण्याच्या मुलाचं लग्न याच उन्हाळ्यात झालं, त्याची बायको पहिल्यांदाच आली होती. पंगत बसली. कुणीतरी नेहमीप्रमाणे म्हणालं, "आते कोनी सरकाले नको, दहाचाकी गई." तिने विचारलं, दहाचाकी म्हणजे काय? पुतण्या सांगायला लागला. त्याच्या आवाजात राग नव्हता. पाठ झालेली गोष्ट सांगावी तसं सांगत होता. "माझ्या वडिलांची छाती..." एवढं म्हणाला आणि मी हात वर केला.

"थांब," मी म्हणालो. "छाती माझी झाली नाही."

आणि मी सगळं सांगितलं. घाट, गटार, एस.टी., चाचा, पूल. क्लिनर होऊ का म्हणून विचारलं तेही. एक चुलत भाऊ म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, आता काय त्याचं." त्याला मला सोडवायचं होतं. मला सुटायचं नव्हतं. पुतण्या ताटाकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "कोणतं वळण? देवळाखालचं तिसरं?"

"चौथं असेल. डावीकडे वळणारं."

"तिथे आता रस्ता रुंद केला," तो म्हणाला. "पण तेव्हा वाईट होतं ते." मग म्हणाला, "आबांनी चाचाला ठेवायचं म्हटलं होतं?"

"म्हटलं होतं."

त्याने रोटाचा तुकडा मोडला. घास तोंडात घातला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. वाढायला आल्या होत्या, हातात परात होती. त्यांनी किती ऐकलं ते मला कळलं नाही. दुपारी सगळे आडवे झाल्यावर त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. आता त्यांना खाली बसायला त्रास होतो, भिंतीला धरून बसल्या.

"मी विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही 'होती' म्हणालात."

"हो, वहिनी."

"मी त्यांना शेवटपर्यंत बोलले. उठता येत नव्हतं त्यांना, मी बसवत होते, ते घाबरत होते पडायला. तेव्हाही म्हणाले मी, छाती तर तुमची तेव्हापासूनच नाही." मग म्हणाल्या, "ते हसले होते. मला वाटलं, लाज वाटते म्हणून हसतात."

त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"आते कसाले सांगी राहिनात?" त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं, की आता का होईना, मी सांगितल्याने नानावरचं उतरेल. ते उतरून कुणावर जाईल याचा मी विचार केला नव्हता. तीस वर्षं त्या स्वतःच्या नवऱ्याला जे बोलल्या, ते सगळं मी एका दुपारी त्यांच्याकडे परत पाठवलं होतं. त्या भिंतीला धरून उठल्या. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही.

संध्याकाळी पुन्हा पंगत बसली. रोट उरला होता, आणि तो संपवावाच लागतो. वहिनी वाढत आल्या. पंगतीच्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, "त्यांचं ते नाव आता कुणी घ्यायचं नाही. लहानांनीसुद्धा नाही." मग त्या एकेका पानाशी वाकून "घ्या" म्हणत रोट वाढत पुढे सरकू लागल्या. माझ्या पानापाशी आल्या, वाकल्या, रोट ठेवला आणि न बोलता पुढच्या पानाकडे गेल्या. मी तो सगळा खाल्ला.